जनूभाऊंचा निळा

जनूभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातिवलीच्या आमच्या कारखान्यात टाकीपाशी उभी होते, दोन्ही हातांत रबरी मोजे. पॅकिंगमधल्या बाईने ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला... हार्ट अटॅक, घरीच. टाकीत स्क्रू लटकत होते. मी करंट बंद केला आणि गेटपाशी जाऊन रडले. त्याला आता सहा आठवडे झाले.

आमच्याकडे मोडलेल्या हाडांत बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू बनतात. त्यांना रंग येतो, पण तो कोणी फासत नाही. स्क्रू द्रावणात बुडवून करंट सोडला की धातूवर त्याचाच एक पातळ पापुद्रा धरतो. व्होल्ट वाढवत नेले की पापुद्रा जाड होतो आणि दिसणारा रंग बदलतो, आधी तांबूस, मग जांभळा, मग निळा. हा पापुद्रा शरीरात धातूला सांभाळतो आणि रंगावरून डॉक्टर स्क्रूचं माप ओळखतात. सांडोरच्या वाडीतून येणाऱ्या जनूभाऊंनी या टाकीवर उभी हयात काढली. मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. “काटा चुकतो गं, नजर चुकत नाही,” म्हणायचे, आणि त्यांचा निळा खरंच दर खेपेला एकसारखा यायचा.

मी फुलपाड्याची, तपासणीच्या टेबलावरची, तोंडाने फटकळ. शेवटच्या वर्षी ते मला सारखी हाक मारू लागले. “सुनंदा, ये इकडे. कसा आलाय बघ.” मी म्हणायचे, “जांभळट आहे अजून, भाऊ.” “बरोबर! शिकलीस हो,” म्हणत ते व्होल्ट चढवायचे. मी फुशारून जायचे. भाऊ आपल्याला तयार करतायत, असं घरीदारी सांगत सुटले होते.

मग भाचीच्या साखरपुड्यासाठी मी दोन दिवस रजा घेतली. परत आले तर टेबलावर निळ्याचा अख्खा लॉट जांभळा. मान वर करून पाहिलं, तर ते चष्मा पुसून पुसून टाकीत डोकावत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊंना मोतीबिंदू होता, आणि वर्षभर ते माझे डोळे उसने घेत होते.

तो लॉट तसाच गेला असता तर कुणाच्या तरी हाडात भलत्या मापाचा स्क्रू बसला असता. सांगणं भागच होतं, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण आधी कुणाला सांगायचं? टाकी दहा पावलांवर होती. मला राग आला होता, शिकवतायत म्हणून मिरवले आणि फसले, असं वाटत होतं. मी जिना चढून थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर टाकीवरून बाजूला केलं. जनूभाऊंनी मोजे काढून कठड्यावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. त्यांच्या जागी मला उभं केलं. सांडोर काय लांब आहे? पण कोणत्या तोंडाने जायचं, म्हणत मी आठ महिने घालवले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओटीवर बसल्या होत्या. “वहिनी, माझ्यामुळे भाऊंनी काम सोडलं...” मी कशीबशी म्हणाले.

“तुझ्यामुळेच की! सुनंदा तयार झाली, आता मी नसलो तरी चालतंय, असं सांगून घरी बसले. मग डोळ्याचं ऑपरेशन पण करून घेतलं. म्हणायचे, ती येईल मला बघायला.”

मी क्षमा मागायला आले होते. पण खरं बोलले असते तर घरात त्यांनी राखलेला मानही मीच घालवला असता. एकदा घालवून झाला होता.

वहिनींनी मला माजघरात नेलं. तिथे खिळ्याला वेलची केळ्यांचा एक फणा टांगलेला होता. “तुझ्यासाठी ठेवायचे. पिकून काळा पडला की शेजारी वाटून टाकायचे नि वाडीतनं दुसरा आणायचे. आता ते नाहीत, तरी माझ्या हातनं टांगला जातोच गं,” त्या म्हणाल्या आणि एक केळं तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

मी ते तिथेच उभ्याने सोलून खाल्लं. आठ महिन्यांत असे किती फणे काळे पडले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.