लाल छत

आमची वहिनी लेझर यंत्राने इमारती मोजणाऱ्या कचेरीत आहे. यंत्र गरगर फिरून भिंती-छतांवरचे कोट्यवधी ठिपके टिपतं, आणि त्यांचं चित्र वहिनी करते. आम्हाला त्यात नुसता धुरळा दिसायचा.

जुन्या नाट्यगृहाचं काम आलं. वहिनीने नेहमीसारखे उंचीप्रमाणे रंग भरले: जमीन निळी, खुर्च्या हिरव्या, छत लालभडक. तिच्या धंद्यात लाल म्हणजे फक्त उंच. चित्र बघून नाट्यगृहाच्या समितीला वाटलं, छत पडायला आलंय, आणि नाट्यगृह पाडायचं ठरलंसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"एकच तुळई वाकलीय हो," वहिनी परोपरीने सांगत होती.

"मग ते चित्रात दिसू दे. पुढच्या बैठकीत शेवटचं बघू," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या आईचं अर्धं आयुष्य तिथल्या तिकीटखिडकीत गेलेलं. तिने सुनेशी अबोला धरला, आणि आईचा अबोला तिच्या बोलण्यापेक्षा जड जातो. वहिनीही खमकी. तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून आईलाच परीक्षक केलं.

"आई, काय दिसतंय?"

"धुकं."

मागच्या भिंतीचे ठिपके पुढच्यांच्या फटींतून डोकावत होते, म्हणून सगळा काला. वहिनीने पुढचे ठिपके मोठे केले, लांबचे फिके केले, जिथे एक वस्तू संपून दुसरी दिसू लागते तिथे काळसर कड दिली. रंग सगळे पुसले. मग पुन्हा विचारलं.

आईने चष्मा पुसला. "अगं, ही माझी खिडकी. आणि हा खळगा माझ्या कोपराचा!" फळी खरंच तिथे झिजलेली होती. अबोला तिथेच संपला.

बैठकीत पडद्यावर राखाडी नाट्यगृह उभं राहिलं. लाल फक्त ती वाकलेली तुळई. वहिनी तोंड उघडायच्या आत अध्यक्षांनी उठून त्यावर बोट ठेवलं. "एवढीच?"

"एवढीच."

"मग तेवढी बदला. पाडायचं कशाला?"

आई घरी दारातच उभी होती. बातमी ऐकून डोळे पुसले, आणि लगेच तक्रार: "माझ्या खळग्याला लाल का नाही दिलास?"

"लाल बिघडलेल्याला, आई. तिथे कुठे काय बिघडलंय?"

कुणाला हार न जाणाऱ्या आमच्या आईने सुनेच्या गालावरून हात फिरवला. मला तर वहिनीला उचलून नाचावंसं वाटलं.