मी म्हणालो, लाल

इब्राहिमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओल्ड एअरपोर्टच्या सिग्नलला उभा होतो. सिग्नल सुटला तरी गाडी पुढे घ्यायचं सुचेना... मागच्यांनी हॉर्न वाजवून माझी कीर्ती दोहाभर पसरवली. त्याला आता महिना झाला.

चाचा रत्नागिरीकडचे. जुन्या मोटारी पुन्हा चालत्या करणं हे त्यांचं काम. मी पुण्याचा, गॅस कंपनीतला इंजिनिअर. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे आजही आधी हवेत फिरवून बघतो. काही वर्षांपूर्वी आमची गाठ पडली ती अबू राशिद नावाच्या कतारी गृहस्थांच्या, शंभरी ओलांडलेल्या ब्रिटिश मोटारीमुळे. मोटारीबरोबर तिच्या कंपनीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आलं होतं. चाचांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून दर शुक्रवारी त्यांच्या घरी जेवणाआधी मी ते मराठीत सांगायचो. सायकली बनवणारे दोन भाऊ, मग तीनचाकी, मग घोडागाड्या करणाऱ्या सुताराला हाताशी धरून उभी केलेली पहिली मोटार... चाचा असे ऐकायचे, जणू ते भाऊ त्यांच्याच वाडीतले. "धाकट्यानं थोरल्याचं ऐकलान नाय, तेच बरं केलान!"

एका शुक्रवारी चाचींच्या बिर्याणीचा वास आला आणि मी दोन पानं एकदम उलटली. नेमकं चाचांनी विचारलं, "पयल्या गाड्यांना रंग कंचा दिलान?"

"लाल," मी ठोकून दिलं.

"वाचलंस की गिळलंस?"

"वाचलं हो, चाचा!"

तीन आठवडे ते लाल रंगाचे हात देत होते, घासत होते, पुन्हा देत होते. मग इंग्लंडहून एक जाणकार आला, गाडी पाहिली आणि तेच पुस्तक उघडलं. गर्द हिरवा. सायकलींना द्यायचे तोच. अबू राशिदांनी चाचांकडे पाहिलं. जुन्या गाड्यांत चाचांचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा असे. मी तोंड उघडणार... खरं सांगतो, उघडणार नव्हतो. चाचाच म्हणाले, "माझ्या ऐकण्यात चूक झाली."

बाहेर येऊन मला एवढंच, "उद्या सकाळी ये. जुने कपडे घाल." तो सगळा लाल आम्ही दोघांनी खरवडून काढला. पुढच्या शुक्रवारी मी पुस्तक उघडायच्या आत चाचांनी ताट पुढे केलं. "आधी खाऊन घे. मग वाच."

गेल्या आठवड्यात मदिनत खलीफा भागात अबू राशिदांना भेटायला गेलो. कातडं बदलण्यासाठी मोटारीची सीट काढली होती. खालच्या लाकडावर तळहाताएवढा लाल चौकोन, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

"चाचांच्या हातून हे कसं राहिलं?" ते म्हणाले. "उद्या रंगारी येतोय. हिरवा मारून टाकेल."

इतकी वर्षं गिळलेलं मी तिथे बोललो. हिंदीत, इंग्रजीत, मध्येच मराठीत. ऐकण्यात चूक नव्हती, सांगण्यात होती, आणि सांगणारा मी. बिर्याणीसकट सगळं सांगितलं. अबू राशिदांनी त्या चौकोनाच्या सरळ कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला. "उद्या येऊ नकोस. खलास."

सीटचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि चाचांनी राखलेला तो लाल आम्ही अलगद झाकून ठेवला.