भोसरीच्या पट्टीवर चिनी कचेरी

कंपनीत कम्प्युटरचं मशीन आलं आणि ज्योतीरामला घरी बसवलं. तीस वर्षं त्यानं भोसरीत लोखंडाच्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, घडवले, आणि निरोपाला काय, तर भिंतीवरचं घड्याळ! "आता हे हात भंगारात घालू का?" साहेबाच्या तोंडावर विचारून गडी बाहेर पडला.

म्हणून लेक निशिगंधानं आर्किटेक्चरच्या शेवटच्या परीक्षेसाठी मॉडेल करायला हाक मारली, तेव्हा तो पुन्हा ताठ झाला. नकाशे तिचे, पटाशी त्याची. चीनमधल्या एका जुन्या सरकारी कचेरीचं सभागृह. खांबांच्या डोक्यावर आडवे-उभे तुकडे खाचेत खाच अडकवून रचलेले. जड छपराचा भार तेच पेलतात. खिळा एकही नाही.

"अधिकारी आत छपराखाली, फिर्यादी बाहेर अंगणात गुडघ्यावर," निशिगंधानं सांगितलं.

"म्हणजे आपल्यासारखंच. फक्त आपलं छप्पर गळतं."

दोन महिने खपला. परीक्षेच्या दिवशी सकाळी शेजारचा अकबर टेम्पो घेऊन दारात हजर. दोनला कॉलेजात पोचायचं. आणि सभागृह कॉलेजच्या मशीनवर भोकं पाडून आणलेल्या पाटावर बसेना! मधले खांब भोकांत गेले, टोकाचे बाहेरच.

"भाऊ, सरकारी काम आहे, लांबणारच," अकबर म्हणाला.

"गप रे! कॉलेजच्या मशीननं भोकं चुकवलीत. म्हणे कम्प्युटर!"

निशिगंधानं आपली पट्टी लावली. भोकं बरोबर होती. मग तिनं बापाची पट्टी शेजारी ठेवली. ती किंचित लांब निघाली.

ज्योतीराम पट्टी हातात घेऊन खाली बसला. वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच शंभरात एकानं मोठी असते. सवयीनं तीच हातात आली होती. पोरीचं वर्ष त्यानं स्वतःच्या हातानं बुडवलं होतं.

"पप्पा, खांब, जोड, छप्पर, सगळं याच पट्टीनं?"

"सगळं गं."

"मग रडताय काय? एकटा पाटच परका आहे!"

ज्योतीराम उठला. प्लायचा नवा तुकडा कापला, त्याच लांब पट्टीनं अंगणासकट खुणा केल्या, भोकं पाडली. सभागृह उचलून ठेवलं. सोळाही खांब अलगद आत उतरले. निशिगंधानं दोन्ही हातांनी छप्पर दाबलं, हलवलं. कुठे कुरकुर नाही.

"कचेरी मोठी झाली त्याचं काय?" त्यानं हळूच विचारलं.

"सरांना खरं तेच सांगेन. फिर्यादीला शंभरात एक जागा जास्त मिळाली."

तेव्हा कुठे ज्योतीराम हसला. सकाळपासून पडलेला गार चहा त्यानं एका घोटात संपवला.

मॉडेल टेम्पोत चढलं. "भाऊ, पुढं बसा की," अकबर म्हणाला.

"वा रे! कचेरी उघडी आणि साहेब गायब?" ज्योतीराम मागं हौद्यात चढला, आणि छपराला हात लावून ऐटीत बसला.