सातव्या चौकोनाला खो

दैवशालाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर कधी लावला नाही. भोकरदनच्या रस्त्याने चार किलोमीटर पळत जायचं आणि चार यायचं. थंडीत धुकं कपाशीवर टेकलेलं असायचं. आधी नुसता पावलांचा आवाज यायचा, मग धुक्यातून ओढणी कमरेला बांधलेली मुलगी यायची आणि पुन्हा धुक्यात जायची. मिरचीच्या शेडनेटवर पाण्याची मोटार चालू करायला मी त्याच वेळी निघायचो. कधी कधी वाटायचं, ही रात्रीच कुठूनतरी निघालेली आहे आणि अजून पोचलेली नाही.

चाळीस वर्षं मी अंगमेहनत केली. कोण खरं पळतं आणि कोण दाखवायला पळतं, हे लांबून कळतं. दैवशाला खरं पळायची.

हसनाबादच्या तातेरावांची ती धाकटी मुलगी. खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या संघाची कर्णधार होती. हा खेळ पाहायला सोपा आहे. आठजणी ओळीने चौकोनांत उकिडव्या बसतात, नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही. धाव दुसरीला द्यायची तर बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं. हात लागण्याआधी उठलं तर चूक, लागल्यावर उशिरा उठलं तर प्रतिस्पर्धी निसटते.

संध्या अर्धा सेकंद उशिरा उठायची. ती दैवशालाची शाळेपासूनची मैत्रीण. सराव तेवढाच करायची, घाम तेवढाच गाळायची, पण अर्धा सेकंद काही केल्या कमी होईना.

राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावाआधी दैवशालाने सगळ्यांना जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, सातव्या चौकोनात खो द्यायचा नाही. सातव्या चौकोनात संध्या बसणार होती. ती तेव्हा लांब, कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती.

डाव सुरू झाला. आठजणी उठत होत्या, बसत होत्या, जागा बदलत होत्या. संध्या एकाच चौकोनात होती. बोटं मातीत रोवून, टाच उचलून, पाठ ताठ करून. संपूर्ण डाव ती तशीच हात लागायची वाट पाहत बसली. शेवटच्या मिनिटाला दैवशालाने खांबावर सूर मारून गडी बाद केला आणि जालना एका गुणाने जिंकलं.

गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. गुलाल उधळला. संध्याही ट्रॅक्टरवर होती, एका कडेला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती जालन्याला मस्तगडात गेली. जाताना दैवशालाला भेटली नाही.

त्यानंतर दैवशालाची झोप बिघडली. पहाटे जाग यायच्या आधी तिला एकच स्वप्न पडायचं. पांढरं, फार मोठं मैदान. त्यावर बायका बसलेल्या, ओळीने, दूरवर, दिसेनाशा होईपर्यंत. सगळ्या पाठमोऱ्या. ती त्यांच्या मागून पळते आहे. थांबायचं तर कुणाला तरी खो द्यायला हवा, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. चारला ती उठायची आणि खरोखर पळायला लागायची. मला ती रोजच्यासारखीच दिसायची. आत काय चाललंय ते लांबून कळत नाही, हे मी नंतर शिकलो.

सात वाजता ती शेडनेटवर यायची. आमच्याकडे मिरचीच्या बियाण्याचं काम. संध्याकाळी कळी चिमट्याने उघडून तिच्यातला नराचा भाग काढायचा, सकाळी दुसऱ्या जातीचे परागकण बोटाने लावायचे, देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. पांढऱ्या जाळीखाली ऊन दुधासारखं पडतं. वीस बाया वाकलेल्या, कुणी बोलत नाही, एवढ्या नाजूक कामाला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. एखादी कळी हातून सुटली तर ती स्वतःच्याच परागावर फळ धरते. त्याला सगळे ‘सेल्फ झालं’ म्हणतात. मिरची तशीच लाल, तशीच जाड दिसते. पण ते बी चालत नाही. तोडून फेकावं लागतं.

दैवशालाच्या ओळीत सेल्फ निघत नसे. शेजारची ओळ बेबीनंदा मावशीची. मावशी जालन्याच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, लग्न होऊन इकडे आलेली. गुणगुणत काम करायची. एके दिवशी तिने विचारलं, एवढं पदक आणलंस, मग तोंड असं का? दैवशालाने हात न थांबवता सगळं सांगितलं. सामना, सातवा चौकोन, संध्या.

मावशीने ऐकून घेतलं.

“म्हंजी सेल्फ झालं म्हण की,” ती म्हणाली.

आसपासच्या बाया हसल्या. दैवशाला हसली नाही. तिच्या बोटातली कळी मोडली. तिच्या हातून मोडलेली मी पाहिलेली ती एकच.

दुपारी भाकरी खाताना मावशी तिच्याजवळ जाऊन बसली. आपल्या प्रभूची गोष्ट सांगू लागली. जेवायला बसलेला होता, गुरू होता, सगळ्यांत मोठा. उठला, कमरेला पंचा बांधला आणि एकेकाच्या पायाशी बसून त्यांचे पाय धुतले.

दैवशालाने विचारलं, “हरला होता का तो?”

“न्हाई गं. सगळं त्याच्या हातात होतं.”

“मंग खाली कशाला बसला?”

“तेच तर,” मावशी म्हणाली आणि डबा धुवायला गेली.

दैवशाला त्या ‘तेच तर’ पाशी बरेच दिवस अडकून राहिली. मावशीकडून शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक घेतलं. पळून आल्यावर ओट्यावर बसून वाचायची. एका रविवारी मावशीबरोबर जालन्याला चर्चमध्ये गेली. पुढचं मावशीने सांगितलेलं आहे.

उपासना सुरू होती. वरच्या काचेतून पिवळं ऊन फरशीवर उतरलं होतं. गाणं संथ होतं आणि दैवशालाला पहाटेच्या धुक्यात असल्यासारखं वाटत होतं. मागच्या बाकावर चतुराबाई नावाची म्हातारी होती. ह्या पोरीकडे गाण्याचं पुस्तक नाही हे पाहून तिने पुस्तक द्यायला दैवशालाच्या पाठीला हात लावला.

दैवशाला उठली. अर्धा सेकंदही लागला नाही. बाकातून बाहेर पडून तीन पावलं पुढे गेलीसुद्धा. मग भानावर आली आणि दोन्ही बाजूंच्या बाकांमध्ये, सगळ्यांच्या समोर, उभी राहिली.

गाणं थांबलं. पाळकांचा वेगळाच समज झाला. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं हे सांगायला माणसं तिथे अशीच पुढे येतात. ते शांतपणे म्हणाले, “या ताई. साक्ष द्यायची आहे का?”

तिला परत जाऊन बसता आलं असतं. चूक झाली म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. पण खो लागल्यावर बसायचं नाही हे तिच्या अंगात होतं.

“मी कर्णधार होते,” ती म्हणाली. “मीच सांगितलं होतं, सातव्या चौकोनात खो द्यायचा न्हाई. तिथं माझी मैत्रीण बसली होती. ती डावभर बसून राह्यली. आम्ही जिंकलो.”

अर्ध्या लोकांना खेळ कळला नसेल. पण कुणी हसलं नाही. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत आपण बसलेलो आहोत आणि कुणीतरी आपल्याकडे पाहत आहे असं तिला वाटलं. पळताना हजार लोकांनी पाहिलं होतं, ते पाहणं वेगळं. ती जागेवर आली तेव्हा चतुराबाई कानाशी म्हणाली, “बाई, पुस्तक घे. मी तेवढ्यासाठीच हात लावल्ता.”

ते पांढऱ्या मैदानाचं स्वप्न पुन्हा आलं नाही.

गावात चर्चा व्हायची ती झाली. तातेरावांनी तिला समोर बसवलं. कुणी पैसे दिले का, विचारलं. ती म्हणाली, बसचं तिकीटसुद्धा माझ्या मजुरीचं. कुणी जबरदस्ती केली का? नाही. शेवटी त्यांनी विचारलं,

“चारला उठतेस ना अजून?”

“उठते. आधी प्रार्थना करते, मंग पळते.”

“मंग ठीक आहे,” तातेराव म्हणाले आणि गुरांना वैरण टाकायला गेले. ते पूर्ण ठीक नव्हतं. पुढे कित्येक दिवस ते तिच्याशी मोजकंच बोलत. बाप्तिस्म्याची घाई दैवशालाने केली नाही, पाळकांनीही केली नाही.

पण संध्या राहिली होती. चर्चमध्ये बोलून ते संपत नव्हतं, हे दैवशालाला कळत होतं. एका सुट्टीला ती मस्तगडात गेली. संध्या गच्चीवर सासूबरोबर शेवया वाळत घालत होती. दैवशालाने सासूच्या देखतच सांगितलं, मी मुद्दाम केलं होतं, मला माफ कर.

संध्या शेवया पसरत राहिली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या मिनिटालाच कळलं. दीड वर्षानं आलीस.”

“हो.”

“माफीचं मी काय करू? वाळत घालू? मला पळायचं होतं, दैवशाला.”

सासूने दोघींकडे पाहिलं आणि चहा ठेवायला खाली गेली. दैवशाला परतीच्या बसमध्ये सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून होती. हसनाबादला उतरली ती घरी न जाता माझ्याकडे आली. म्हणाली, काका, दोन खड्डे खणायचेत, बराबर मापाचे.

गावचं जुनं मैदान बाभळींनी भरलं होतं, खांब कुजून गेले होते. आम्ही सहा दिवस काम संपल्यावर साफसफाई केली. ती माझ्याइतकंच फावडं चालवायची, हाताला फोड आले तरी. खांब एकशेवीस सेंटिमीटर वर राहील एवढा खड्डा मी खणला, दोनदा मोजला. लोक कमरेइतका म्हणून अंदाजाने पुरतात, ते चूक आहे.

रविवारी दुपारी शेडनेटवरच्या बाया चौकोनांत बसल्या. काहींनी जन्मात पहिल्यांदा. शाळेच्या तीन मुली पळायला उभ्या केल्या. दैवशालाने संध्याला निरोप धाडला होता. संध्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये बसमधून उतरली, कुणाशी न बोलता सातव्या चौकोनात जाऊन बसली. बोटं मातीत, टाच वर.

पाठलाग दैवशालाने सुरू केला. एका मुलीला ती हाताच्या अंतरावर घेऊन आली. आणखी दोन पावलांत बाद झाली असती. दैवशालाने संध्याच्या पाठीला हात लावला.

“खो.”

संध्या अर्धा सेकंद उशिरा उठली. मुलगी निसटली. संध्या तिच्यामागे गेली, खांबाला वळली, परत आली, पुन्हा गेली. धूळ उठली, उन्हात तरंगत राहिली, आणि तिच्यात संध्या दिसत होती, नव्हती. कुणालाही बाद न करता ती चार फेऱ्या पळाली. कुणाला खो दिला नाही. कुणी मागितलाही नाही. दैवशाला सातव्या चौकोनात बसून होती, चेहरा पलीकडे, हात जमिनीवर. तिला तो डाव संपेपर्यंत उठावं लागलं नाही.

त्या पंधरवड्याची तिची सगळी मजुरी सागाच्या दोन खांबांत गेली, चुन्याच्या एका गोणीत गेली, आणि उरली त्यातून संध्याचं जालना ते हसनाबाद आणि परत, असं बायकांना लागतं ते एसटीचं अर्धं तिकीट निघालं.