दहापर्यंत मोजताना

सुरतेच्या भेस्तान भागात आठवड्यातून एक दुपार अशी येते की कानांना एकाएकी हलकं वाटू लागतं. आमच्या सोसायटीमागच्या कारखान्यांतले माग त्या दिवशी बंद असतात. एरवी त्यांची अखंड खटखट भिंतींतून, पाण्याच्या टाकीतून, ताटातल्या वाटीतून इतकी झिरपलेली असते की ती ऐकू येते हेच आपण विसरतो. ती थांबली की मग उमगतं, अरे, समोरच्या कडुनिंबावर होला घुमतो आहे, वरच्या मजल्यावर कोणी भांडी लावताना गुणगुणतं आहे! हे नाद काल नव्हते का? होतेच की. त्यांना जागा नव्हती, इतकंच.

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरातला माग म्हणजे मी. खानदेशी पिंड, बँकेतली नोकरी आणि गोष्टी सांगण्याची असाध्य खोड. नात्यात लग्न असो की बारसं, मला एक खुर्ची मिळते आणि भोवती माणसं जमतात. माझी पत्नी सुनंदा म्हणते, पंगत बसेपर्यंत दुसरं करणार तरी काय ती!

अशा वाचाळ बापाच्या घरी चारू आली. नऊ वर्षांची आमची लेक. तिला सारं कळतं, डोळ्यांत सारं उमटतं, पण शब्द ओठांच्या उंबरठ्याशी येऊन परत फिरतो. ते मौन मी मोठ्या मायेनं भरत राहिलो. तिनं दाराकडे पाहण्याआधी तिच्या चपला हजर, तहानेआधी पाणी हजर. पाहुण्यांनी तिला नाव विचारलं की ते मी सांगायचो, वर वय आणि आवडती भाजीसुद्धा. या उतावळेपणाला मी वात्सल्य असं भारदस्त नाव दिलं होतं.

मग एका हिवाळ्यात चारू जेवेनाशी झाली. मी तिच्यापुढे खीर धरली, बिस्किटं धरली, खेळणी धरली, स्वतः विदूषक झालो. दोन दिवसांनी ताप चढला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या कानात पाहिलं, आणि आतली सूज बघून त्यांनी आमच्याकडे जी नजर टाकली ती मी अजून विसरलेलो नाही. दोन दिवस लेकरू ठणका सोसत होतं आणि मी त्याला खीर दाखवत होतो! त्या दिवसापासून एकच प्रश्न आम्हा दोघांच्या उशाशी येऊन बसला. आपण नसू तेव्हा हिचं दुखणं कोणाला कळेल?

चारूच्या शाळेत, म्हणजे तिच्यासारख्या मुलांसाठीच असलेल्या शाळेत, वर्गांच्या पलीकडे उपचारांच्या खोल्या आहेत. एकीत मुलं मोठ्या रबरी चेंडूवर तोल सावरतात. दुसरीत बाजारातून आणलेल्या साड्यांच्या किनारी घडी घालत बोटांना बळ आणतात. सुरतेत दुसरं काय मिळणार! तिसरी खोली अगदी लहान. तिथे हेतलबेन मुलांना बोलतं करतात. त्यांनी पालकांना आठवड्यातून एकदा बोलावलं, आणि येताना मुलाच्या आवडीचं काहीतरी आणा म्हणाल्या. मी अर्थातच गोष्ट नेली.

गोष्ट माझ्याच लग्नाची. सासरे चलथाणच्या साखर कारखान्यात होते, वरात तिथेच. मी घोड्यावर, पुढे बँड, आणि ऐन वळणावर घोडा अडला. मेहुण्यानं लगाम ओढला, काकांनी हात जोडले, बँडवाल्यांनी चाल बदलली. घोडा ढिम्म हलेना. का? तर त्याच्या पुढ्यात उभ्या गाडीत होता ऊस! मुहूर्त टळायची वेळ आली आणि नवरदेव वाहनाचं जेवण संपण्याची वाट बघत बसला. चारू ही गोष्ट ऐकताना दरवेळी टाळ्या पिटते.

हेतलबेन खळखळून हसल्या, डोळे पुसले, आणि शांतपणे म्हणाल्या, “विलासभाई, वार्ता बहु सरस. पण तमे बहु बोलो छो.”

गोष्ट छान, पण मी फार बोलतो! उपाय सोपा होता. वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि तो शब्द चारूला म्हणू द्यायचा. सोपा? पहिल्या आठवड्यात मी तीनवरच ‘ऊस’ म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या आठवड्यात तोंड मिटलं, पण ओठांचा चंबू झाला. हेतलबेननी तो झाकायला माझ्या हाती रुमाल दिला. बँकेत गिऱ्हाइकाला तासभर तिष्ठत ठेवणारा मी पोटच्या पोरीसाठी दहा आकडे थांबू शकत नव्हतो! सुनंदा म्हणाली, घोडासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त थांबला होता.

आणि एके दिवशी, रुमालाआड नऊ मोजत असताना, समोरून एक ‘ऊ’ आला, आणि त्याच्यामागे बारीक शिट्टीसारखा ‘स’. हेतलबेननी टाळ्या वाजवल्या नाहीत; गोष्ट पुढे न्या, अशी खूण फक्त केली. पण पुढची गोष्ट मला आयुष्यात प्रथमच आठवेना.

तरी ऊस म्हणजे काही दुखणं नव्हे. उशाचा प्रश्न उशाशीच होता, परवापर्यंत.

परवा माग बंद होते. चारू माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कपाळावर आठी. पाणी, बिस्किट, खेळणं, सारी यादी माझ्या जिभेवर रांगेत उभी! मी ओठ मिटले. एक, दोन, तीन. होला घुमत होता. सहा. सात.

“पप्पा, कान.”

मी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

“दुखतो.”

आतून सुनंदा ओल्या हातांनी धावत आली. पोरीचा कान दुखतोय आणि आई-बाप हसताहेत, रडताहेत, तिचे गालगुच्चे घेताहेत, असं दृश्य पाहून शेजाऱ्यांचं काय मत झालं असेल कोण जाणे! दवाखान्यात कळलं, नुसता मळ होता. डॉक्टरांनी तो काढला आणि विचारलं, इतक्या लवकर आलात, कोणी सांगितलं? मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चारूनं स्वतःकडे बोट दाखवलं.

परतताना स्कूटरवर चारू आमच्या दोघांच्या मधे बसली होती. बंद मागांची गल्ली निवांत पसरली होती. तिचा श्वास माझ्या पाठीला जाणवत होता, शब्द जुळवताना लागतो तसा, थांबत थांबत. मागून सुनंदा म्हणाली, आज गप्प का, बोला की काहीतरी.

मी नुसती मान हलवली. मी चारावर होतो.