गिटारमागची खटखट

आमच्या बँडचा गिटारिस्ट कुठलाही नवा मेटल अल्बम ऐकताना मांडीवर बोटं आपटत नुसता वेग मोजतो. मग निकाल देतो, "हात चालतो याचा." चालीबद्दल तो कधीच बोलत नाही.

आमच्या अल्बममधली मी रचलेली संथ चाल त्याला काढून टाकायची होती. "मॅडम, सूर-बिर भजनात ठेव. इथे स्पीड जोईए," असं म्हणत त्याने तिच्या जागी स्वतःचा भन्नाट वेगाचा तुकडा घरी रेकॉर्ड करून पाठवला. बाकीचे दोघे खूश झाले.

मी हेडफोन लावून तो पुन्हा ऐकला. सुरतच्या उधन्यात त्याच्या खोलीखाली कापडाचे लूम चालतात; त्यांची खटखट त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येते. या वेळी ती जवळजवळ दुप्पट वेगाने येत होती. म्हणजे त्याने हळू वाजवून नंतर सगळं रेकॉर्डिंगच वेगाने पळवलं होतं.

प्रॅक्टिसला मी एवढंच विचारलं, "तुझ्या खालचे लूम हल्ली फार जोरात चालतात का रे?"

तो गिटारच्या तारा पुसायला लागला. मग सगळ्यांना म्हणाला, "हिचीच चाल ठेवू यार. फील आहे तिच्यात."

आता तो भेटेल त्याला माझ्या चालीचं कौतुक सांगतो, आणि मला त्यातला एकही शब्द खरा वाटत नाही.