शैलजाताईंचं खातं बंद करताना

फोन आला तेव्हा मी गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी भांडत होते. जानेवारीतलं मोहालीचं धुकं, समोरची इमारत दिसत नव्हती, घरात गरम पाणी नव्हतं, आणि तो माणूस शांतपणे "पार्ट मंडे को आएगा" म्हणत होता. फोनवर कर्नलसाहेबांचं नाव दिसलं. कर्नलसाहेब म्हणजे शैलजाताईंचे यजमान, निवृत्त कर्नल जाधव. ते मला कधी फोन करत नसत. काही असलं तर शैलजाताईच करायच्या, तेही हॅलो वगैरे न म्हणता थेट मुद्द्याला हात घालून. "प्राजक्ता, शैलजा गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा करताना ओट्यापाशीच कोसळली. हॉस्पिटलला नेईपर्यंत..." गिझरवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्याने हातातला पाना पिशवीत ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला.

याला आता काही आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, शैलजाताईंच्या स्वभावाबद्दल लिही. पण त्यांच्या स्वभावाबद्दल लिहायचं तर आमच्या कामाबद्दल लिहावं लागतं, आणि आमचं काम असं की लग्नात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की उत्तर संपेपर्यंत विचारणारा जेवायला निघून जातो. आमची कंपनी छोट्या बँकांची संगणक यंत्रणा चालवते. तुमच्या पासबुकात जो आकडा उमटतो त्याच्या मागे कुठेतरी आमची माणसं बसलेली असतात. त्यातल्या कुणाला आत कुठपर्यंत शिरता यावं, ते कुणी ठरवायचं, आणि ठरलेलं खरंच पाळलं जातं का, हे बघणं आमच्या विभागाचं काम. शैलजाताई विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. बाकीचं ऑफिस आम्हाला 'ना म्हणणारं डिपार्टमेंट' म्हणायचं आणि शैलजाताईंना त्याचा अभिमान होता.

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांबरोबर देशभर फिरल्या, छावण्यांमधल्या शाळांत कॉम्प्युटर शिकवला, आणि सामानाच्या पेट्या बांधता-सोडताना मधल्या वेळात या क्षेत्रातल्या परीक्षा दिल्या. कर्नलसाहेब निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं आता परत कोल्हापूरला. त्यांनी इथे मोहालीतच, एयरोसिटीत घर घेतलं. मी माझ्या नवऱ्याच्या केंद्र सरकारी बदलीमागून यवतमाळहून इथे आले होते आणि नोकरी शोधत होते. मुलाखतीत त्या बराच वेळ इंग्रजीत विचारत राहिल्या, मग कागद बाजूला सारून एकदम मराठीत म्हणाल्या, "घराला कुलूप लावलंय का बघायला परत फिरतीस का कधी?" मी म्हटलं, नेहमीच, माझा नवरा वैतागतो. "मग जमंल तुला," त्या म्हणाल्या. पुढे मात्र माझ्या वऱ्हाडी बोलण्यावरून त्यांनी मला कधी सोडलं नाही. "तुमच्याकडं सगळं 'करून राहिले' असतंय. मग काम संपतंय कधी?" मी म्हणायची, ताई, तुमच्याकडे संपतं, पण आधी भांडण होतं. हे त्यांना मान्य होतं.

आणि भांडायच्याही कशावरून! कुणी लॅपटॉप उघडा टाकून चहाला गेला की शैलजाताई तिथे बसायच्या आणि त्याच्या नावाने सगळ्या मजल्याला निरोप धाडायच्या: आज छोले-भटूरे मेरी तरफ से. मग तो परत येईपर्यंत लोक त्याच्या टेबलाशी जमलेले. एकदा हे आमचे वरिष्ठ संचालक सोढीसाहेब यांच्यावरच शेकलं. सोढीसाहेब म्हणजे मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी मजल्याला भटूरे तर खिलवलेच, वर लस्सीही मागवली, आणि शैलजाताईंसमोर हात जोडून म्हणाले, "मैडमजी, अब तो बख्श दो." त्यांनी बख्शलं नाही. वर्षानुवर्षं साहेब म्हणून त्यांना लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्यातून सूट होती, फोनवर येणारा आकडा टाकावा लागत नसे. लस्सी संपायच्या आत शैलजाताईंनी ती सूट काढून टाकली. "चोर काय साहेबाला बघून परत जातोय व्हय?" असं त्या मला नंतर मराठीत म्हणाल्या, पण सोढीसाहेबांना अर्थ कळला असावा, कारण ते हसले.

त्यांची खरी ओळख मात्र तिमाही तपासणीत व्हायची. दर तिमाहीला प्रत्येक विभागप्रमुखाने बघायचं असतं की आपल्या माणसांपैकी कुणाला कशात शिरायची परवानगी आहे आणि ती अजून लागते का. नियम सगळीकडे आहे. सगळीकडे लोक एका झटक्यात 'सर्व मंजूर' करून मोकळे होतात. शैलजाताईंकडे ते चालत नसे. विभागप्रमुखाला समोरच्या खुर्चीत बसवायचं, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं: हा माणूस अजून आपल्याकडे आहे का? याला हे लागतं का? उत्तर तोंडाने द्यायचं, मान हलवलेली मोजली जाणार नाही. बंद केलेली लॉगिनची खातीसुद्धा वाचायचीच, कारण हा माणूस आता नाही असं कुणीतरी उच्चारून सांगितलंच पाहिजे. लोक कंटाळायचे, जांभया द्यायचे, घड्याळाकडे बघायचे. त्या चहा मागवायच्या आणि पुढचं नाव वाचायच्या.

हे सुरू झालं ते हरमनमुळे. आमच्याकडची पोरं कॅनडाला जातात हे काही नवं नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाला सांगत नाहीत आणि एक दिवस पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन येतात, की चला, उद्याची फ्लाइट. हरमनही असाच गेला. गळाभेटी झाल्या, फोटो निघाले, पण त्याचं खातं बंद करायला टीममधल्या कुणाचं मन होईना. एक तर तो परत आला तर, आणि खरं कारण म्हणजे त्याच्या खात्याला बाकीच्यांपेक्षा जास्त दारं उघडत होती. पासवर्ड सगळ्यांना पाठ. अडलं की 'हरमन से कर दे यार'. पुढे एका बँकेच्या यंत्रणेत कुणीतरी चुकीच्या जागी बदल केला आणि सकाळभर तिथल्या लोकांना स्वतःच्याच खात्यातले पैसे काढता येईनात. कुणी बदललं म्हणून बघितलं तर हरमनने. तो तेव्हा ब्रॅम्प्टनमध्ये बर्फ उपसत होता! कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलंच नाही, कारण सगळेच हरमन होते. बिचाऱ्या त्या पोराला तिथे फोन करून विचारावं लागलं, तो रडकुंडीला आला. त्या दिवशी शैलजाताई जितक्या चिडल्या तितकं चिडलेलं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. "त्यानं काय केलंय गं? लाडू वाटून गेला, एवढंच. आणि त्याच्या नावावर हे..." तेव्हापासून नियम झाला: माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद. आजचं उद्यावर नाही, मग तो कुणीही असो.

आता शैलजाताई गेल्या त्या शनिवाराकडे येते.

शैलजाताईंनी शुक्रवारी शेवटच्या विभागप्रमुखाला समोर बसवून डिसेंबरची तपासणी संपवली होती. निघताना म्हणाल्या, "सोमवारी सकाळी एकदा सगळं शांतपणं वाचते, मग देते मंजुरी." मंजुरीचं बटन फक्त त्यांच्या खात्यातून दाबता येत होतं आणि त्यासाठीचा आकडा त्यांच्याच फोनवर येत होता. सोमवारी दुपारी बाहेरचे ऑडिटर येणार होते. आमच्या सगळ्यात मोठ्या बँकेचा करार त्यांच्या अहवालावर अडला होता, आणि त्या करारावर आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या.

अंत्यसंस्कार आटोपून आम्ही एयरोसिटीतल्या घरी आलो. अंगणात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. ऑफिसातली पंजाबी मंडळी "भोग कब है?" म्हणजे शेवटची प्रार्थना कधी, असं विचारत होती आणि कर्नलसाहेब प्रत्येकाला न थकता तेराव्याचं समजावून सांगत होते. सोढीसाहेबांनी मला कुंपणाजवळ बाजूला घेतलं. त्यांचे डोळे सुजले होते. सकाळपासून सगळ्यात जास्त धावपळ त्यांनीच केली होती. "प्राजक्ता जी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मैडम ने सब चेक कर लिया था. सिर्फ बटन बाकी है. फोन बेटी के पास है, ओटीपी आ जाएगा. उनका ही काम है, उनके नाम से पूरा हो जाए... इसमें गलत क्या है?"

खरं सांगते, क्षणभर मलाही काही चुकीचं दिसलं नाही. तो माणूस लबाड नव्हता. त्याला शंभर घरांची काळजी होती. शैलजाताईंची मुलगी रेवा बंगळूरहून नुकतीच पोचली होती, तिने जवळून हे ऐकलं आणि पर्समधून आईचा फोन काढला. "आंटी, मम्मा का काम है तो कर दो ना. उनको अच्छा ही लगेगा." तिने फोन माझ्यापुढे धरला. त्या फोनवर शैलजाताईंचा आणि कर्नलसाहेबांचा कुठल्याशा छावणीतला फोटो होता. आणि मग मला प्रचंड राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. कदाचित त्यांचाच, अशा वेळी मला एकटीला टाकून गेल्याबद्दल.

मी म्हटलं, "सर, सोमवारी त्या वाचणार होत्या. वाचून त्यांना काय दिसलं असतं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. आज संध्याकाळी त्यांच्या नावाने मंजुरी दिली तर ती कुणी दिली? हरमनने?" हे सगळं मी मराठीत बोलले हे शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. पण हरमन हे नाव पुरलं. मी तिथेच उभी राहून ड्यूटीवरच्या मुलीला फोन लावला, माझं नाव आणि पद सांगितलं आणि म्हटलं, "शैलजा जाधव मैडम का अकाउंट बंद कीजिए. अभी." पलीकडून ती म्हणाली, "मैम, आज ही?... कम से कम तेरहवीं तक..." मी म्हटलं, आज ही. अंगणातली चार माणसं माझ्याकडे बघत होती. चितेची राख अजून निवायची होती आणि ही बाई शैलजाताईंचं नाव कापतेय, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही. मी फोन ठेवला आणि तिथेच चादरीवर बसून हमसून रडले. कर्नलसाहेब येऊन शेजारी बसले. म्हणाले, "तू केलं नसतंस, तर तिनं तुला नोकरीवरनं काढलं असतं." एवढंच.

सोमवारी ऑडिटर आले. तपासणी मुदतीत पूर्ण नाही, असं त्यांनी लिहून नेलं. कारण सांगितल्यावर त्यातला एकजण उभा राहिला, दुःख व्यक्त केलं, आणि शेरा तसाच ठेवला. त्याचं बरोबर होतं. बँकेने करार लांबणीवर टाकला. तो अजून लांबणीवरच आहे. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवेबद्दल बोलतात आणि आपला मजला आला की सुटल्यासारखे उतरतात. त्यांच्या घरी हप्ते आहेत, मुलांच्या फिया आहेत, मला कळतं. विभाग तात्पुरता माझ्याकडे आला आणि मी पहिल्या नावापासून तपासणी पुन्हा सुरू केली, शैलजाताईंच्याच खोलीत, विभागप्रमुखांना समोर बसवून. शैलजाताईंनी तपासलेलं सगळं बरोबर निघालं. एकही चूक नाही. म्हणजे त्या दिवशी बटन दाबलं असतं तरी बँकेच्या एका रुपयाला धक्का लागला नसता, हे मी इथे लिहून ठेवते, नाहीतर लोकांना वाटायचं की मला काहीतरी सापडलं आणि मी जिंकले. मला काही सापडलं नाही. तरीही उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

सोढीसाहेबांची पाळी सगळ्यात शेवटी होती, गेल्या आठवड्यात. विभागप्रमुखांची स्वतःची नावं सोढीसाहेबांच्या यादीत येतात. ते आले, समोर बसले, फोन उलटा करून ठेवला. मी वाचत गेले, ते उत्तरं देत गेले. हैं. हैं. इनको अब नहीं चाहिए, काट दीजिए. मग मी वाचलं, "शैलजा जाधव." आणि थांबले. पाणी प्यायले, आणि विचारलं, "ये अब भी हमारे यहाँ हैं?"

सोढीसाहेबांनी मान हलवली. मी वाट पाहिली. त्यांनी पगडीखालून कपाळ पुसलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मजल्यावर आवाज करणारा तो माणूस इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकला नव्हता.

"नहीं हैं जी," ते म्हणाले. "मैडम नहीं हैं."

मी नोंद केली. खाली माझं नाव होतं. ते उलट्या बाजूने त्यांनीही वाचलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आप तो हैं ही."

"सर," मी म्हटलं, "पहले पूछने दीजिए."